टाकीतलं पाणी जातं कुठं?

टाकी पुन्हा रिकामी होती.

मामांनी बॉनेट वर करून टेकू लावला, आत वाकून पाहिलं आणि तिथूनच हाक मारली, "अण्णा, जरा इकडे या."

आजोबा झाडाखाली बसून बूट काढत होते. एक बूट पायात आणि एक हातात, असेच ते उठून आले. त्यांच्या मागोमाग तिन्ही मुलंही आली. मामांनी 'जरा इकडे या' म्हटलं की पुढं काय होतं, ते तीन दिवसांत मुलांना पाठ झालं होतं.

"ही वरची रेघ," मामा टाकीवर बोट ठेवून म्हणाले. "ही खालची रेघ. आणि पाणी कुठं आहे? तळाला."

"सकाळी वरच्या रेघेपर्यंत भरलं होतं," आजोबा म्हणाले.

"कालही भरलं होतं. परवाही भरलं होतं." मामांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. लहान मुलाची समजूत काढावी, तशा आवाजात ते बोलत होते. "मग गेलं कुठं? रोज रात्री मी गाडीखाली पुठ्ठा टाकतो. सकाळी तो कोरडा ठणठणीत असतो. म्हणजे गळती नाही. मग राहिलं काय?"

राहिलं काय, ते सगळ्यांना कळत होतं. आजोबा पाणी भरायला विसरतात, हेच राहिलं होतं.

"गाडी उभी असताना पुठ्ठा टाकून काय कळणार?" आजोबा म्हणाले. "चालताना गळत असेल कुठंतरी. चाळीस वर्षं ट्रक चालवलाय मी."

"मग शोधा ना."

"शोधतोच आहे. पंप पाहिला, झाकण पाहिलं, सगळे पाइप हात लावून पाहिले."

"आणि?"

 आजोबा हातातल्या बुटाकडे बघत राहिले.

"मामा, तुम्हीच सकाळी उठून टाकी बघा ना," मिरची म्हणाली. "भरलेली आहे का नाही ते कळेलच."

मिरची म्हणजे आजोबांच्या लेकीची लेक, वय वर्षं बारा. हे टोपणनाव तिला आजोबांनीच दिलं होतं आणि ते तिला शोभत होतं.

"दिवसभर गाडी मी चालवायची आणि पहाटे पाचला उठून टाकीही मीच बघायची?" मामा म्हणाले. "मग एक काम त्यांच्यावर सोपवलं ते कशाला?" आणि त्यांनी बॉनेट दाणकन खाली आपटलं.

ती घरगाडी मामांनी दोन महिन्यांपूर्वी जुनीच विकत घेतली होती. पुढं इंजिन आणि ड्रायव्हरची जागा. मागं दोन बिछाने, एक टेबल, एक लांब बाक, गॅसची शेगडी आणि कपाटाएवढं न्हाणीघर. सुट्टीत सात दिवस सगळ्यांनी मिळून फिरायचं ठरलं होतं. निघताना बेत असा होता की अर्धा रस्ता आजोबा गाडी चालवतील. दुसऱ्याच दिवशी मामांनी त्यांच्याकडून स्टिअरिंग काढून घेतलं. इंजिन तापू नये म्हणून त्याच्या पोटातून सतत एक हिरवट पाणी खेळत असतं, त्याला कूलंट म्हणतात. ते संपलं तर इंजिन जळतं. आजोबांकडे आता एवढंच काम उरलं होतं, रोज पहाटे इंजिन गार असताना ती टाकी भरायची. बरोबर आणलेला कूलंटचा डबा पहिल्याच दिवशी संपला, तेव्हापासून ते नळाचं पाणी घालत होते.

इतक्यात गाडीच्या आतून मामीचा आवाज आला, "टिल्लू! पुन्हा सरबत सांडलंस बाकाखाली?"

टिल्लू मिरचीचा धाकटा भाऊ. सात वर्षांचा. "मी नाही सांडलं," तो तिथूनच म्हणाला.

"मग काय मी सांडलं? रोज तीच जागा, रोज तोच चिकचिकाट. उद्यापासून तुला सरबत बंद."

टिल्लूनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी टिल्लूकडे पाहिलं. दोघांचेही चेहरे सारखेच दिसत होते.

संध्याकाळी भांडी घासायला तिन्ही मुलं मुक्कामाच्या मैदानाच्या टोकाला असलेल्या नळावर गेली. मिरची घासत होती, मास्तर विसळत होता, टिल्लू पुसण्याचं नाटक करत होता. मास्तर हा मामांचा मुलगा. तेरा वर्षांचा, चष्मा लावणारा, आणि जेवताना औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा वाचणारा.

"एक सांगू का?" मास्तर म्हणाला. "पण ओरडायचं नाही."

"मी कधी ओरडते?"

"आत्ता ओरडलीस."

"बरं. सांग."

मास्तरनं हातातली ताटली तीनदा विसळली. "काल बाबा आत्याशी फोनवर बोलत होते. तुझ्या आईशी. परत जाताना वाटेत एक वृद्धाश्रम आहे. तिथं आजोबांना सहज म्हणून दाखवायला न्यायचंय आणि तिथंच ठेवायचंय. आजोबांच्या घराला कुलूप लावायचं."

मिरचीच्या हातातला घासणीचा चोथा थांबला. "आई हो म्हणाली?"

"आत्या म्हणाली, एकटे राहतात तर नीट राहतात ना, मग कशाला? तर बाबा म्हणाले, नीट कसले राहतात, एक टाकी भरायची लक्षात राहत नाही, उद्या गॅस चालू ठेवून झोपले तर? म्हणाले, तीन दिवस मी डोळ्यांनी बघतोय."

"आजोबांना माहीत आहे?"

"नाही."

टिल्लूनं विचारलं, "वृद्धाश्रमात टेलिव्हिजन असतो?"

"गप रे," मिरची म्हणाली. मग मास्तरकडे वळून म्हणाली, "म्हणजे सगळं त्या टाकीवर आलंय. आजोबा भरतात हे दाखवता आलं तर?"

"भरतात कशावरून?" मास्तरनं विचारलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला कुठल्याही गोष्टीचा पुरावा लागायचा.

"आजोबा म्हणतात म्हणून."

"ते बाबांना पुरत नाही. आपण बघू. उद्या पहाटे."

पहाटे साडेचारला मिरचीनं मास्तरच्या पायाचा अंगठा ओढून त्याला उठवलं. दोघं मागच्या खिडकीशी गुडघ्यावर बसली. काचेवर आतून धुकं धरलं होतं. मिरचीनं हातानं पुसलं तर ते नुसतं फासलं गेलं, तेल लागल्यासारखं.

"शी. हे काय चिकट?"

"आई रोज पुसते. म्हणते, तुम्ही पाच जण श्वास सोडता आणि काचा मी पुसायच्या."

"मग तिनं श्वास सोडू नये."

खिडकीतून तिरकं पाहिलं की बॉनेटची एक बाजू दिसत होती. आजोबा हातात प्लास्टिकचा जग घेऊन आले. त्यांनी बॉनेट उघडलं, फडक्यानं झाकण फिरवलं, जग ओतला. नळावर गेले, पुन्हा जग भरून आणला, पुन्हा ओतला. खाली वाकून वरच्या रेघेकडे एका डोळ्यानं पाहिलं. अर्धा जग आणखी ओतला. झाकण घट्ट फिरवलं, टाकी फडक्यानं पुसली आणि आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी बॉनेट हळूच खाली दाबलं. आत सगळे झोपले होते ना.

"अडीच जग," मास्तर कुजबुजला.

"झाला तुझा पुरावा?"

"भरतात हे कळलं. जातं कुठं ते नाही कळलं."

तासाभरानं गाडी निघाली. त्या दिवशी रस्ता डोंगराचा होता. वळणामागून वळण, चढामागून चढ. अकराच्या सुमाराला मामांच्या समोरचा इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रंगाकडे सरकू लागला. मामी म्हणाली, "अहो, तो दिवा कसला लागलाय?" मामांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती.

मामा उतरले आणि बॉनेट उघडून तडक झाकणाकडे हात न्यायला लागले. आजोबांनी त्यांचं मनगट धरलं. "हात भाजेल. तोंडावर उडेल. अर्धा तास जाऊ दे."

मामांनी हात सोडवून घेतला. टाकी पांढऱ्या प्लास्टिकची होती, बाहेरूनही दिसत होतं. आत काही नव्हतं.

"अण्णा," मामा म्हणाले, "आज सकाळी पाणी भरलं होतं?"

आजोबांनी टाकीकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. 

"विसरलो असेन," ते म्हणाले.

मिरचीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "आजोबा! तुम्ही अडीच जग ओतलेत. आम्ही दोघांनी खिडकीतून पाहिलं."

"हो बाबा," मास्तर म्हणाला. "अडीच जग. पाच वाजायला वीस मिनिटं होती."

"तुम्हा सगळ्यांना आजोबांचा पुळका आहे, मला ठाऊक आहे," मामा म्हणाले. "पण ते स्वतःच कबूल करताहेत. आता तरी मला खोटं पाडू नका." त्यांनी खिशातून फोन काढला आणि ते वळणापलीकडे चालत गेले. मास्तर त्यांच्या मागून वळणापर्यंत गेला आणि थोड्या वेळानं परत आला.

"आधी गॅरेजवाल्याला बोलावलं. मग त्या आश्रमात फोन लावला," तो मिरचीला म्हणाला. "खोली राखून ठेवा म्हणाले. तिकडून थोड्या वेळानं फोन येणार आहे, तेव्हा पक्कं करतो म्हणाले."

आजोबा एका दगडावर बसले होते. मिरची त्यांच्याजवळ गेली.

"असं का म्हणालात?"

"चार माणसं म्हणताहेत, तर असेल तसं."

"पण तुम्हाला आठवत नाही का? आज सकाळचं?"

"आठवतं की. जग आठवतो, नळ आठवतो, झाकण आठवतं." आजोबा पायाशी बघत बोलत होते. "पण ते आजचं आठवतं, की कालचं? रोज तेच तर करतो. कुणी सांगावं, पोरी. आतापर्यंत माझ्या मनात असलं काही आलं नव्हतं. आता येतं."

मिरचीला रडू आलं, पण त्यापेक्षा राग जास्त आला. ती तरातरा गाडीत शिरली. मास्तर टेबलाशी गाडीचं माहितीपुस्तक उघडून बसला होता. टिल्लू बाकावर पाय वर घेऊन बसला होता, कारण खाली पुन्हा ओलं होतं आणि पुन्हा त्याच्यावरच बालंट येणार होतं.

"मी आज सरबत प्यायलोच नाही," टिल्लू रडवेला होऊन म्हणाला. "मला बंद केलंय ना. मग कसं सांडेन?"

मिरची थांबली. मास्तरनं पुस्तकातून डोकं वर काढलं.

"काय म्हणालास?"

"मी सरबत प्यायलो नाही."

"आणि खाली ओलं आहे?"

"हे बघ ना." टिल्लूनं बाकाच्या कडेला बोट लावून वर धरलं. बोटाला फिकट हिरवट ओल होती. "गोड वास येतो. बघू का गोड आहे का?" आणि बोट त्यानं तोंडाकडे नेलं.

"नको!" मास्तर ओरडला. मिरचीनं टिल्लूचा हात इतक्या जोरात ओढला की तो बाकावर आडवा झाला. "पुस्तकात लाल अक्षरात लिहिलंय," मास्तर धापा टाकत म्हणाला. "वास गोड, पण विष आहे ते. पोटात गेलं तर माणूस मरू शकतो. हे सरबत नाही. हे कूलंट आहे."

"धू हात. साबणानं. दोनदा," मिरचीनं टिल्लूला न्हाणीघरात ढकललं. मग ती मास्तरकडे वळली. "पण इंजिन तिकडे पुढं. कूलंट इथं मागं कसं येईल?"

मास्तर भराभर पानं उलटत होता. एका चित्राशी थांबला आणि त्यानं चष्मा वर सारला. "हे बघ. मागच्या लोकांना थंडी वाजू नये म्हणून या बाकाखाली एक हीटर आहे. इंजिनमधलं गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून इथपर्यंत येतं आणि परत जातं. आजोबांना हे माहीत नसणार."

"आजोबा!" मिरचीनं दारातून हाक मारली. "तुमच्या ट्रकला मागं हीटर होता?"

"माझ्या ट्रकमागं सिमेंटच्या गोण्या असायच्या," आजोबा म्हणाले. "त्यांना कशाला हवी ऊब?"

बाकाची फळी उचलली तर आत मामांची चपलांची पेटी होती. निघायच्या आदल्या दिवशी मामांनी ती स्वतः आणून, स्वतः स्क्रू मारून जमिनीला बसवली होती. गाडी वळली की चपला इकडेतिकडे पळू नयेत म्हणून. पेटीच्या चारही बाजूंनी जाड लोकरी नमदा अंथरलेला होता. मिरचीनं त्यावर तळहात दाबला. बोटांच्या फटींतून हिरवट पाणी वर आलं. चार दिवसांत आजोबांनी ओतलेलं पाणी त्या नमद्यानं पिऊन टाकलं होतं. पुठ्ठ्यावर थेंब तरी कुठून पडणार?

"गळतंय ते इथं," मास्तर म्हणाला. "पण नेमकं कुठून? पुरावा असा पाहिजे की बाबांनी मान डोलावलीच पाहिजे. नाहीतर म्हणतील, पाणी तुम्हीच ओतलंत."

आश्रमातून फोन यायचा होता. वेळ थोडा होता. मास्तरनं डोकं खाजवलं आणि न्हाणीघरातला कागदाचा गुंडाळा आणला. टिल्लू अंगानं बारीक म्हणून त्याला पेटीमागच्या फटीत घातलं. आधी फडक्यानं दोन्ही नळ्या कोरड्या पुसायच्या, मग त्यांवर पांढरा कागद गुंडाळायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि बोट तोंडात घालायचं नाही, असं त्याला तीनदा बजावलं. टिल्लूनं फटीतून दोन्ही पाय बाहेर ठेवून काम केलं आणि मग पायांना धरून त्याला बाहेर ओढलं.

"मला सरबत मिळणार का?" त्यानं पहिला प्रश्न विचारला.

"बादलीभर," मिरची म्हणाली.

तोवर इंजिन निवलं होतं. मिरची आजोबांपाशी गेली. "आजोबा, टाकी भरा आणि पाच मिनिटं इंजिन चालू करा."

"मामा रागावेल."

"मामा वळणापलीकडे आहेत. भरा ना. मी म्हणते म्हणून."

आजोबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, ते उठले. पिण्याच्या पिंपातलं पाणी त्यांनी टाकीत घातलं आणि चावी फिरवली. इंजिन घरघरू लागलं. तिन्ही मुलं बाकाच्या पोकळीत डोकी घालून बसली. एक मिनिट झालं. दोन झाली. कागद पांढराच. चौथ्या मिनिटाला, पेटीच्या मागच्या कोपऱ्याजवळ, एक तिळाएवढा हिरवट ठिपका उमटला. बघता बघता तो रुपयाएवढा झाला, मग तळहाताएवढा. फुस्स असा बारीक आवाज येऊ लागला.

मास्तरनं टॉर्च धरला. "ते काय चमकतंय?"

पेटीच्या तळातून तिरका खाली घुसलेला एक स्क्रू. लांबलचक. त्याचं टोक नळीत रुतलं होतं. इंजिन गार असलं की स्क्रूच बूच होऊन बसायचा. इंजिन तापलं, नळी फुगली, पाण्याला जोर आला की त्याच्या कडेनं पाणी बाहेर पडायचं.

मिरची आणि मास्तर एकमेकांकडे बघत राहिली. हा स्क्रू कुणी मारला, ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

"माझे बाबा," मास्तर हळूच म्हणाला. त्याला पुरावा मिळाला होता आणि तो आनंदात नव्हता.

"बोलावू त्यांना?"

"असे येणार नाहीत. म्हणतील, पोरखेळ बंद करा." मास्तरनं टिल्लूकडे पाहिलं. "टिल्लू, तू ओरड. सरबत सांडलं म्हणून."

टिल्लूला दोनदा सांगावं लागलं नाही. तो दारात उभा राहून सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडला, "मामी! मी पुन्हा सरबत सांडलं! खूप सांडलं! मामांच्या चपलांवर सांडलं!"

मामी फडकं घेऊन धावली. चपलांचं नाव ऐकून मामाही फोन कानाला धरूनच आले. "काय चाललंय? इंजिन कुणी चालू केलं?"

"मामा, ओरडायच्या आधी खाली बघा," मिरची म्हणाली.

मामांनी पाहिलं. हिरवा कागद पाहिला. टॉर्चच्या उजेडातला स्क्रू पाहिला. नळीतून उडणारी बारीक धार पाहिली. मामीनं नमद्याला हात लावला, वास घेतला आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

"म्हणजे रोज मी पुसत होते ते हेच?" ती म्हणाली. "अरे देवा. काचेवरचंही हेच?"

"हो. याचीच वाफ," मास्तर म्हणाला. "पान एकसष्ट."

आजोबा इंजिन बंद करून मागं आले होते. ते गुडघ्यावर बसले, पोकळीत वाकले आणि स्क्रूच्या टोकाला बोट लावून पाहिलं. 

"दुकानदारानंच लांब स्क्रू दिले," मामा म्हणाले. "मी छोटे मागितले होते."

"मी म्हटलं होतं," आजोबा पोकळीतूनच म्हणाले. "खाली काय आहे ते बघून मग भोक पाड म्हणून."

"म्हटलं असाल. मला आठवत नाही."

सगळे मामांकडे बघू लागले. टिल्लूसुद्धा. आपण काय बोललो ते मामांना उशिरा कळलं आणि त्यांचे कान लाल झाले.

आजोबांनी आपली हत्यारांची पिशवी मागवली. इंजिनपाशीच त्यांनी मागं जाणाऱ्या दोन्ही नळ्या सोडवल्या, नळीचाच एक चांगला तुकडा कापून वाकवला आणि दोन्ही तोंडांना जोडून वर पट्ट्या आवळल्या. आता पाणी मागं जाणारच नव्हतं. इंजिनपासूनच परत फिरणार होतं. मिरची पाने देत होती, मास्तर टॉर्च धरत होता. आजोबांचे हात चुकत नव्हते, थांबत नव्हते. ते हात बघताना मिरचीला वाटलं, आता सगळं ठीक झालं.

गॅरेजवाला मोटारसायकलवरून पोचला तेव्हा काम उरकलं होतं. त्यानं जोड हलवून पाहिला. "हे कुणी केलं?"

"आमच्या वडिलांनी," मामी पटकन म्हणाली.

"आणि शोधलं कुणी? असली गळती आमची तीन पोरं दोन दिवसांत शोधत नाहीत. नमदा सगळं पिऊन टाकतो."

"या तिघांनी," मामा म्हणाले. त्यांनी मास्तरच्या पाठीवर थाप मारली, मिरचीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास. कमाल केलीत. तुमच्यामुळं इंजिन वाचलं. मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं." टिल्लूला त्यांनी उचलून घेतलं. "आणि याला उगाच बोललो आम्ही. काय हवं ते माग."

"सरबत," टिल्लू म्हणाला. सगळे हसले. गॅरेजवाला तर मोठ्यानं हसला.

मिरची हसता हसता वाट बघत होती. तीन मुलांना शाबासकी देऊन झाली होती. आता मामा आजोबांकडे वळतील, असं तिला वाटत होतं. मामा वळलेही. त्यांनी तोंड उघडलं. आणि फोन वाजला.

मामांनी फोनकडे पाहिलं आणि टिल्लूला खाली ठेवून ते थोडे बाजूला गेले. फार लांब नाही. डोंगरात शांत होतं, सगळं ऐकू येत होतं.

"हो, मीच. नाही, नको. ती खोली दुसऱ्या कुणाला द्या. नाही, तशी काही अडचण नाही. सध्या नको."

मास्तरनं मिरचीला कोपरानं ढोसलं. त्याचा चेहरा फुलला होता. "जिंकलो."

"सध्या म्हणाले," मिरची म्हणाली.

मास्तरचा चेहरा उतरला.

मामा परत आले. आजोबा फडक्याला हात पुसत उभे होते.

"कुणाचा फोन?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही. कामाचा."

"कसली खोली?"

मामांनी मामीकडे पाहिलं. मामीनं दुसरीकडे पाहिलं. "अण्णा, आता कशाला तो विषय? तुम्ही तुमच्या घरी राहा. तिथंच नेऊन सोडतो तुम्हाला."

"माझ्याच घरी मला राहा म्हणतोस," आजोबा म्हणाले. त्यांना कळलं होतं. कदाचित पहिल्यापासून कळत होतं. "बरं. राहीन."

माफीचा शब्द मामांच्या ओठांपर्यंत आला असेलही. पण गॅरेजवाला तिथंच उभा होता, मुलं बघत होती, आणि मोठ्या माणसांना अशा वेळी गाडी काढायची घाई होते. "चला, बसा सगळे. अंधार पडायच्या आत उतरून जाऊ," असं म्हणून मामा स्टिअरिंगवर जाऊन बसले. गॅरेजवाला मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

आजोबांनी जगानं टाकी भरली. वरच्या रेघेपर्यंत. झाकण घट्ट फिरवलं, बॉनेट खाली दाबलं आणि ते दाराकडे निघाले. तीन पावलांवर थांबले. परत आले. बॉनेट उघडलं, झाकणाला हात लावला, रेघ पाहिली, बॉनेट लावलं. पुन्हा निघाले. दाराच्या दांडीला हात घातला आणि पुन्हा थांबले.

मिरची पायरीवर उभी होती. ती खाली उतरली.

"लावलंय, आजोबा," ती म्हणाली. "मी पाहिलं."

"पाहिलंस ना नक्की?"

"नक्की पाहिलं. पाणीही भरलंय. वरच्या रेघेपर्यंत."

आजोबांनी मान हलवली. तिच्या गालावर हात ठेवला. त्या हाताला रबराचा वास येत होता.

"तू बस आत," ते म्हणाले, आणि तिसऱ्यांदा बॉनेटकडे गेले.